गद्रे बाईंचा खड्डा

आम्ही सातवीत होतो. जानेवारीतल्या एका गुरुवारी शाळेच्या इमारतीमागे सिमेंट ओतलं. तिथे गद्रे बाईंचा खड्डा होता. खड्ड्यात आमच्या वर्गाची चाळीस मडकी होती. काम सकाळी दहाला सुरू झालं, दोनला संपलं. बाईंनी त्या दिवशी आमचा चौथा तास घेतला आणि गृहपाठ दिला.

गेल्या वर्षी बाई मिरजेला भाच्याच्या घरी वारल्या. मला ते कळलं रेखाच्या फोनमुळे. रेखा माझी लखनौची वर्गमैत्रीण, अजून तिथेच असते, गोमती नगरमध्ये. दर दिवाळीला ती बाईंना कार्ड पाठवायची, म्हणून भाच्याला तिचा पत्ता सापडला. "सुन," ती म्हणाली, "ग़दर बहनजी नहीं रहीं।" पलीकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

मला बाईंचं चरित्र लिहिता येणार नाही. त्या मिरजेच्या होत्या, इतिहासात एम.ए. केलेल्या. कुणा नातेवाइकांबरोबर लखनौला आल्या, ते नातेवाईक बदली होऊन गेले आणि या राहिल्या, एवढंच माझ्या आईलाही माहीत होतं. लग्न झालं होतं का, का राहिल्या, हे आईने दोनदा आडून विचारून पाहिलं. दोन्ही वेळा बाईंनी पुरणपोळी कशी केली ते विचारलं. जिथे मला माहीत नाही तिथे मी काही भरणार नाही. ती शिस्त त्यांनीच लावली. कशी, ते पुढे येईलच.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. बाबा एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले म्हणून आम्ही साताऱ्याहून लखनौला आलो, महानगर भागात घर घेतलं आणि मी तिथल्याच एका शाळेत सहावीत गेले. पहिल्या दिवशी दुसऱ्या तासाला इतिहासाच्या शिक्षिका आल्या. उंच, काटकुळ्या, सुती पातळ, खांद्याला खाकी पिशवी. हजेरीत माझं आडनाव वाचून त्यांनी वर पाहिलं आणि मराठीत विचारलं, "कुठली गं तू?" परक्या गावात दोन महिने काढल्यावर शाळेत मराठी ऐकून मला रडूच यायला लागलं. मी उभी राहून म्हटलं, "साताऱ्याची, बाई."

वर्गात हशा पिकला. मागून एक मुलगा म्हणाला, "बाईजी! मुजरा होगा क्या?" मला कळेना काय झालं. आमच्याकडे शिक्षिकेला बाईच म्हणतात. तिथे तो शब्द कोठ्यावर नाचगाणं करणाऱ्या बायकांसाठी वापरतात, आणि शिक्षिका म्हणजे बहनजी, हे मला नंतर कळलं.

बाई शांतपणे टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "झाँसी की रानी का पूरा नाम बोलो, सब लोग।"

वर्गाने मोठ्याने नाव घेतलं.

"आखिर में क्या बोले?"

"बाई," वर्ग म्हणाला, पण आवाज निम्मा झाला होता.

"तो बैठ जाओ।" मग माझ्याकडे वळून, "तू मला बाईच म्हण."

त्यांना नाव मात्र पोरांनी आधीच ठेवलेलं होतं. गद्रे हे आडनाव त्या गावात कुणाच्या जिभेवर बसेना. 'गदरे' झालं, मग 'ग़दर' झालं, म्हणजे सत्तावनचं बंड. ग़दर बहनजी. एकदा एका मुलाच्या वहीवर त्यांनी ते लिहिलेलं पाहिलं. त्यांनी लाल पेनने फक्त ग खाली राहिलेला नुक्ता, ते टिंब, दिला आणि वही परत दिली.

सहावीला प्राचीन इतिहास होता. पुस्तक बाई जुलैत एकदा आणि परीक्षेआधी एकदा उघडायच्या. एरवी त्यांच्या तासाला आम्ही काहीतरी करत असायचो. आंघोळीच्या साबणाच्या वड्या आणवून त्यावर वशिंडाचे बैल कोरायला लावले. हडप्पाच्या मुद्रा. वर अक्षरंही कोरायची होती. आम्ही ती सरळ कोरली आणि ओल्या मातीवर दाबली तेव्हा सगळ्यांची नावं उलटी उमटली. बाईंनी हे आधी सांगितलं नव्हतं. "उन लोगों को भी पहली बार किसी ने नहीं बताया होगा," एवढंच म्हणाल्या. घरोघरी साबण संपले. आई म्हणाली, "इतिहास शिकवतात की न्हाणीघर रिकामं करतात?"

पण खरी गोष्ट खड्ड्याची. शाळेच्या मागे, भिंतीलगत, एका कडुनिंबाजवळ दहा-बारा हात लांबरुंद जागा होती. बाईंनी ती आधीच्या मुख्याध्यापिकांकडून मागून घेतली होती. दर वर्षी होळीच्या सुमाराला सहावीच्या प्रत्येक मुलाने एक मडकं करायचं, त्यावर आपल्या मनाने नक्षी काढायची, भाजून घ्यायचं, आणि मग स्वतःच्या हाताने फोडून त्या खड्ड्यात पुरायचं. कोणाचं कुठे पुरलं याचा नकाशा बाईंकडे. पुढच्या वर्षी वसंत पंचमीला, शाळेत सरस्वतीची पूजा झाली की नव्या सहावीने ते खणून काढायचं, तुकडे जुळवायचे आणि 'इथे कोण राहत होतं' यावर निबंध लिहायचा. म्हणजे प्रत्येक वर्ग आधीच्या वर्गाला खणून काढायचा आणि स्वतःला पुरून ठेवायचा.

पहिल्या वर्षी त्यात मोठी फजिती झाली होती. ती मला छेदी कुंभाराने सांगितली. छेदी लखनौबाहेरच्या चिनहटहून सायकलवर माती घेऊन यायचा. बाईंनी पहिल्या वर्षी मडकी भाजलीच नव्हती. उन्हात वाळवली, फोडली, पुरली. वर्षभराने पुढच्या वर्गाने खणलं तर आत माती. नुसती माती, आणि एका मुलाने मडक्यात टाकलेली काचेची गोटी.

"हम कहे, बहिनजी, कच्चा गाड़ दिया?" छेदी सांगताना अजून हसत होता. "बरसात मा सब घुल गवा। तो बहिनजी हमसे का पूछीं? पूछीं कि छेदी, ये बात तुमने पहले क्यों नहीं बताई। हम कहे, आप पूछीं कब? आप तो एम्मे पास हैं।"

त्या वर्षी बाईंनी मुलांकडून तरीही निबंध लिहून घेतले म्हणे. इथे कोण राहत होतं? बहुतेकांनी लिहिलं, कुणीच नाही. बाईंनी त्या सगळ्यांना शून्य दिलं. एका मुलीने लिहिलं होतं, कुणीतरी गोट्या खेळणारं राहत होतं, बाकीचं मला माहीत नाही. तिला दहापैकी दहा.

तेव्हापासून छेदी कडुनिंबाखाली गोवऱ्या आणि पेंढा रचून तिथेच मडकी भाजून द्यायचा.

आमच्या वर्षीची वसंत पंचमी मला स्वच्छ आठवते. धुकं नुकतंच विरलेलं, पिवळी फुलं, हातात केशरी भात, आणि प्रत्येकाच्या खिशात घरून आणलेला जुना टूथब्रश. खणायला आमच्याकडे चमचे, खुरपी आणि टूथब्रश एवढंच होतं. बाईंनी सुतळी ताणून जमिनीचे नऊ चौकोन केले होते. नववा सोडून प्रत्येक चौकोनाशी पाच-सहा मुलं. दहा मिनिटांत आम्ही हातभर खोल गेलो, आणि बाई ओरडल्या, "सावकाश! अरे, सावकाश!"

सगळ्यांनी हातातलं खाली टाकलं. मुलं उठली, हात झटकले, दप्तरं घ्यायला वर्गाकडे पळाली. एकटी मी खड्ड्यात उरले.

"काय झालं यांना?" बाईंनी मला विचारलं.

मला हसू आवरेना. "बाई, हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. त्यांना वाटलं तुम्ही सुट्टी दिली."

बाई हसल्या की बाईंचा आवाज यायचा नाही, खांदे हलायचे. मुलांना परत बोलावून त्यांनी फळ्याशिवाय, खड्ड्याच्या काठावर उभं राहून तो शब्द शिकवला. म्हणजे, हळू. म्हणजे, घाई नाही. म्हणजे, तुझ्या हाताखाली काय आहे ते तुला अजून माहीत नाही. तेव्हापासून तो शब्द आमच्या वर्गाचा झाला. डबा भराभर खाणाऱ्याला, जिन्यावरून पळणाऱ्याला, सायकलवरून पडणाऱ्याला आम्ही ओरडायचो, "सावकाश बे, सावकाश!" लखनौच्या एका शाळेत एकेचाळीस पोरं हा शब्द वापरत होती आणि त्यातल्या एकीलाच मराठी येत होतं.

बाईंचं दुसरं आवडतं वाक्य, "कैसे पता?" वर्गातल्या इम्तियाज़ने निबंधात लिहिलं की इथे एक राजा राहत होता.

"कैसे पता?"

"बहनजी, राजा तो हर जगह रहते थे।"

"मुकुट मिला?"

"जी नहीं।"

"क्या मिला?"

"मटके। और वो जली हुई ईंट।"

"तो रसोइया लिखो।"

"बहनजी, रसोइये पर निबंध कौन पढ़ेगा?"

"मैं पढ़ूँगी," बाई म्हणाल्या. त्याने खरंच दोन पानं आचाऱ्यावर लिहिली. तो काय शिजवायचा ते माहीत नाही, पण हात भाजून घ्यायचा असावा, असं त्यात होतं. बाईंनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं.

दोन नियम होते, आणि दोन्ही आम्हाला अन्यायाचे वाटायचे. एक, नवव्या चौकोनाला हात लावायचा नाही. "सब नहीं खोदते। बाद में कोई तुमसे होशियार आएगा, उसके लिए रखो।" ज्यांची मडकी नवव्या चौकोनात पडायची ते चिठ्ठ्या टाकताना रडकुंडीला यायचे.

दुसरा नियम असा, की मडकं फोडून झालं की त्यातला एक तुकडा बाईंना द्यायचा. खणणाऱ्यांना तो कधीच मिळायचा नाही. मडकं जुळवून झालं की तिथे भोक राहायचं. ते भोक पांढऱ्या प्लास्टरने भरायचं आणि तसंच पांढरं ठेवायचं. कुणी शेजारची नक्षी बघून त्यावर रंगवायला गेलं की बाई ब्रश काढून घ्यायच्या. "क्या पता वहाँ कुछ और बना हो। जो मिला नहीं, वो बनाना नहीं।" त्या तुकड्यांचं काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. "हरवते," त्या म्हणाल्या.

माझ्या मडक्यावर मी दोन मासे कोरले होते. घाईत एकाचा डोळा राहून गेला होता. होळीआधीच्या शनिवारी आम्ही एकेचाळीस जणांनी कडुनिंबाखाली ओळीने उभं राहून मडकी फोडली. मज्जा आली होती. रेखा माझ्या शेजारी होती. तिचं मडकं दणकट, पहिल्यांदा आपटलं तर फुटलंच नाही. दुसऱ्यांदा तिने डोक्यावर धरून आपटलं आणि सगळे टाळ्या वाजवून हसले.

पुढच्या आठवड्यात रेखाची दादी गेली.

रेखा तेरा दिवस शाळेत आली नाही. मग परीक्षा झाली, सुट्टी झाली, जुलैत सातवी सुरू झाली. सातवीलाही इतिहास बाईंकडेच होता. त्यांनी ओल्या मातीचे गोळे वाटले की रेखा हात बाकाखाली धरून बसायची. बाई तिला काही म्हणत नसत, गोळा तिच्यापुढे ठेवून पुढे जात. तास संपला की गोळा तसाच उचलत.

कारण मला रेखाने रिक्षात सांगितलं. आम्ही एकाच सायकलरिक्षातून घरी जायचो. दादीच्या दहाव्याला घाटाजवळच्या पिंपळाला बांधलेला घट फोडला, ते तिच्या भावाने घरी येऊन सांगितलं. तेव्हा तिची बुआ, म्हणजे आत्या, सगळ्यांसमोर म्हणाली, मटका तर या मुलीने आधीच फोडला होता. घरातलं माणूस जिवंत असताना. "मैंने सिर के ऊपर से पटका था," रेखा म्हणाली. "याद है न तुझे? सब हँसे थे।" कुणाला सांगू नकोस, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं.

मी बाईंना सांगितलं. मराठीत सांगितलं. त्या वयात मला वाटायचं की लखनौमध्ये मराठीत बोललेलं मोजलं जात नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तिच्या बुआचं नाव विचारलं, बस. दुसऱ्या रविवारी त्या रेखाच्या घरी गेल्या. ते मला रेखाकडून कळलं. बुआने त्यांना चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "बहनजी, आप पढ़ी-लिखी हैं, हम नहीं हैं। पर मटका मटका होता है।"

"जी," बाई म्हणाल्या. "होता है।"

भांडायला तयार बसलेल्या बुआने बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. बाईंनी दादी कशी होती ते विचारलं. बुआ दोन तास बोलली. दादी भिंतीवर गेरूने नक्षी काढायची, मोर काढायची, पायऱ्यांवरची तिची जागा, तिचं पानदान. निघताना बाई रेखाला म्हणाल्या, "तुम्हारा मटका मेरे नक्शे में है। चौथा चौकोर। जब चाहो।"

"नहीं चाहिए," रेखा म्हणाली.

पण त्याआधीच रेखाच्या वडिलांनी शाळेत तक्रार केलेली होती. मुलांकडून मडकी फोडून घेतात, पुरतात, हे कुठलं शिक्षण? त्यात शाळेच्या कमिटीच्या मैनेजर साहेबांना सायकल स्टँड बांधायचाच होता. मुलं वाढली होती, सायकली व्हरांड्यात यायच्या. जानेवारीत, वसंत पंचमीला तीन आठवडे असताना ते स्वतः आमच्या वर्गाबाहेर आले. मैनेजर साहेब अतिशय सभ्य माणूस. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

"गद्रे जी, माफ़ी चाहता हूँ। परसों ठेकेदार आ रहा है। कल का दिन आपका। चार मज़दूर दे रहा हूँ, फावड़ा चलवा लीजिए, घंटे भर में सब बाहर।"

"फावड़ा नहीं," बाई म्हणाल्या.

"तो फिर एक दिन में कैसे होगा?"

"नहीं होगा।"

बुधवारी दुपारी आम्ही सगळे टूथब्रश घेऊन खड्ड्याशी जमलो. सहावीची मुलंही आली, त्यांचा हक्क होता. आठ चौकोन, ऐंशी मुलं. आम्ही हिशेब केला होता. जरा जोर लावला तर संध्याकाळपर्यंत निम्मी तरी निघतील. इम्तियाज़ने कुठूनतरी कुदळ पैदा केली होती. मी पाचव्या चौकोनाशी जाऊन उभी राहिले, माझे मासे तिथे होते.

बाई आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, इम्तियाज़च्या हातातून कुदळ घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग गर्दीच्या मागे, कडुनिंबाला पाठ लावून उभ्या असलेल्या रेखाकडे गेल्या.

"चाहिए?"

बाई थांबल्या. त्या अशा थांबायच्या की समोरच्याला उत्तर द्यावंच लागे.

"टूट चुका है," रेखा म्हणाली.

"हाँ। टूट चुका है। चाहिए?"

रेखाने होकारार्थी मान हलवली.

"बाकी सब पीछे," बाई म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, आधी तिचं, मग आमचं. बाई एक घमेलं पालथं घालून चौथ्या चौकोनाशी बसल्या, रेखा गुडघ्यांवर बसली. एक वाजला होता. दोन वाजले. सव्वादोनला पहिला तुकडा दिसला. रेखा तो ओढायला गेली आणि बाईंनी तिच्या मनगटावर नुसतं बोट ठेवलं. भोवतीची माती ब्रशने झाडायची, तुकडा आहे तिथे कागदावर काढून घ्यायचा, मग उचलायचा. तीन वाजले. मुलं कुजबुजायला लागली. "बहनजी, हमारा?" "बहनजी, फावड़ा चला दीजिए न, टूटेगा तो टूटेगा।" बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. साडेतीनला सहावीची मुलं कंटाळून गेली. भिंतीशी बसलेले मजूर विड्या ओढत होते. त्यांतला एक वैतागून म्हणाला, "ए बिटिया, ज़रा हाथ चलाओ, ऐसे तो रात हो जाई।"

रेखाने मान वर केली नाही. "सावकाश," ती म्हणाली.

सूर्य शाळेच्या इमारतीमागे गेला तेव्हा अकरा तुकडे निघाले होते. बाईंनी ते जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले, घमेलं उचललं, आणि उरलेल्या आम्हा दहा-बारा जणांसमोर येऊन म्हणाल्या, "बस। इतना ही।"

"और हमारे?" इम्तियाज़चा आवाज रडवेला झाला होता.

"रहेंगे।"

मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "ये ठीक नहीं किया, बहनजी।"

बाई पुढे जाता जाता थांबल्या. मी त्यांना कधीच बहनजी म्हटलं नव्हतं. त्यांना ते लागावं म्हणूनच म्हटलं होतं, आणि लागलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या.

गुरुवारी सिमेंट ओतलं.

शाळा सोडेपर्यंत मी त्यांना बहनजीच म्हणत राहिले. मी हिंदीत बोलायची, त्या मराठीत उत्तर द्यायच्या. एकदाही त्यांनी भाषा बदलली नाही, एकदाही मला काही विचारलं नाही. रेखाचं मडकं त्यांनी तिच्याकडून जुळवून घेतलं, फेब्रुवारीभर, मधल्या सुट्टीत. गळ्याखाली बोटभर जागा पांढरी राहिली. मार्चमध्ये एका तासाला रेखाने बाकाखालून हात काढले आणि गोळा घेतला. मी शेजारीच होते. मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी मात्र माझ्या माशांचा विचार करत होते.

खड्डा गेल्यावर बाईंनी दुसरा मागितला नाही. साबण चालू राहिले, भूर्जपत्रांऐवजी केळीच्या सोपटावर लिहिणं चालू राहिलं. पण आधीच्या वर्गाला शोधून काढणारा वर्ग पुन्हा झाला नाही.

त्यांची शेवटची भेट ऐंशीच्या दशकातली. मी बी.ए. होऊन पुढे शिकायला पुण्याला निघाले होते. डिसेंबरची दुपार होती. आमच्या घराजवळच्या कपूरथला बाजारात भाजीवाल्यासमोर बाई उभ्या होत्या, पाठमोऱ्या, खांद्याला तीच खाकी पिशवी. भाजीवाला हिरवे वाटाणे तराजूत ओतत होता आणि त्या एक शेंग सोलून दाणे मोजून बघत होत्या. "भैया, कैसे पता ये मीठी है?" "बहनजी, खाकर देख लीजिए।" त्यांनी खाल्ली, मान हलवली.

मी मागून हाक मारली. तोंडातून आपोआप निघालं, "बाई!"

भाजीवाल्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. बाई वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"आली का मराठी परत? मला वाटलं, शिकवणी लावावी लागते."

मी पुण्याला जातेय म्हणून सांगितलं. कुठला विषय, कुठे राहणार, विचारलं त्यांनी. मग आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. मला माफी मागायची होती. त्यांनीच मूठभर शेंगा माझ्या हातात घातल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या मडक्यावर दोन मासे होते ना? एकाला डोळा काढायचा राहिला होता."

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांनी, एकेचाळिसातलं एक मडकं.

"बरं," त्या म्हणाल्या, "नीट जा. सावकाश." आणि पिशवी सावरत, रिक्षावाल्याला हात न करता, पायी निघाल्या. निशातगंजकडे जाणाऱ्या गर्दीत त्यांचं पातळ मला बराच वेळ दिसत होतं. पुढच्याच उन्हाळ्यात त्या लखनौ सोडून गेल्या, असं आईचं पत्र आलं.

भाच्याने रेखाला जो डबा पाठवला तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. आत कापडाच्या पुरचुंड्या, एकेका वर्षाची एकेक. बाई तुकडे हरवत नव्हत्या. आमच्या पुरचुंडीत एकेचाळीस तुकडे होते, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नाव. रेखाने ज्याचा पत्ता सापडला त्याला त्याचा पाठवला.

"मेरा वाला भी है," ती फोनवर म्हणाली होती. "मटका सामने रखा है, टुकड़ा हाथ में। बोल, लगा दूँ?"

मी विचारलं, "तुझे क्या लगता है?"

"उस पर मोर की गर्दन है," ती म्हणाली. "मुझे याद ही नहीं था कि मैंने मोर बनाया था। बाकी को तो मैं बेल-बूटे समझती रही।" तिने तो लावला नाही. मडक्याशेजारी ठेवला आहे.

शाळेमागे सायकल स्टँड आहे. त्याखाली आमची चाळीस मडकी आहेत, आणि आधीच्या वर्षांचे नववे चौकोन. माझा तुकडा मी लिहिते त्या टेबलावर आहे. त्यावर एक मासा आहे. त्याला डोळा नाही.